उजव्या कानातला पंप

१

हृदयाची मोठी शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे तान्ह्या मुलासारखे जातात. कुणीतरी उठवतं, कुणीतरी अंग पुसून देतं, औषध तोंडापाशी येतं, आणि पोट साफ झालं का, हा घरादाराच्या चर्चेचा विषय होतो. नाडीवाल्यांचंही तसंच चाललं होतं. सकाळी उठायचं, छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं म्हणजे टाक्यांना हिसका बसत नाही. मग भिंतीला हात लावत बैठकीच्या खोलीतून मागच्या गॅलरीपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. परत आल्यावर त्यांच्या पत्नी शाबासकी द्यायच्या, आणि नाडीवाल्यांना त्या शाबासकीचा राग यायचा.

नाडीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणी खेचणाऱ्या मोठमोठ्या पंपांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला, तिथे पडलेलं ते नाव. चालत्या पंपाच्या अंगावर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ उजव्या कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. थोड्या वेळाने डोळे उघडून ते सांगायचे की आतलं कुठलं बेअरिंग ठीक आहे, कुठलं वाजायला लागलंय आणि किती दिवस तग धरेल. हल्ली कारखान्यात ह्या कामाची उपकरणं आली होती, पण उपकरणाने काहीही सांगितलं तरी माणसं नाडीवाल्यांच्या तोंडाकडे बघायची. त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत, तेव्हा आपणही काकूच म्हणू.

कान गेल्याचं प्रथम काकूंच्याच लक्षात आलं. नाडीवाले शुद्धीवर आल्यानंतर त्या पलंगाच्या उजव्या अंगाला बसून बोलत होत्या आणि हे छताकडे बघत ढिम्म पडलेले. काकूंना वाटलं, रुसले. दुसऱ्या अंगाला जाऊन बोलल्यावर मात्र लगेच उत्तर आलं.

कानाच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी थरथरणारा लोखंडी चिमटा कपाळावर टेकवून बघितला, कागदावर वर-खाली रेघा काढणारी तपासणी केली आणि नीट समजावून सांगितलं. शस्त्रक्रियेत हृदय थांबवून ठेवतात, आणि तेवढा वेळ अंगातलं रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरवतात. क्वचित कधीतरी त्यातला एखादा बारीक बुडबुडा किंवा गुठळी कानाच्या आतल्या केसाएवढ्या वाहिनीत अडकते. तिथे रक्ताला दुसरी वाट नसते, म्हणून आतला भाग मरतो. तोल सांभाळणारं इंद्रिय तिथेच असतं, तेही दुखावतं. तोल हळूहळू सावरेल, मेंदू शिकून घेतो, पण हा कान परत येणार नाही.

"दोन कान होते तेव्हा तरी कुठे ऐकत होतात?" असं म्हणून काकूंनी डोळे पुसले. नाडीवाले म्हणाले की जिवावरचं कानावर निभावलं, सौदा काही वाईट नाही. पण कामाचा कान तोच होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

२

कानात आवाज येतील, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. ऐकायला काही उरलेलं नसलं की मेंदू आपलंच काहीतरी वाजवत बसतो. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला घंटी. घाबरायचं नाही.

त्यामुळे घरी आल्यावर आवाज सुरू झाला तेव्हा नाडीवाले घाबरले नाहीत. उलट बरं वाटलं. रिकाम्या घरात कुणीतरी राहायला यावं, तसं. त्यांनी तो आवाज दिवसभर असू दिला आणि सवयीने त्याच्याकडे कान दिला.

शिट्टी नव्हती, घंटीही नव्हती. ती मोटर होती. भार घेऊन चालणारी, छोटी, चांगल्या बांधणीची. तिला जोडलेलं चाक संथ फिरत होतं आणि एका फेरीत दोनदा काहीतरी मऊ दाबलं जात होतं, रबरासारखं. दाब, सुटका, दाब, सुटका. पाण्याचे पंप असे नसतात. असा पंप त्यांनी आयुष्यात उघडला नव्हता, तरी तो आतून कसा असेल हे ते कागदावर काढून दाखवू शकले असते.

दुपारी भाजी निवडता निवडता त्यांनी ते काकूंना गंमत म्हणून सांगितलं. काकूंनी विचारलं की मग यंत्र चांगल्या स्थितीत आहे ना.

"यंत्र उत्तम आहे. मागचं बेअरिंग तेवढं वाजायला लागलंय," नाडीवाले म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली.

मेंदू आपल्याच मनाने काही वाजवत असेल, तर तो बेअरिंग खराब कशाला वाजवेल? मग त्यांनी स्वतःलाच उत्तर दिलं की बाबा रे, जन्मभर तू खराब बेअरिंगंच ऐकलीस, मेंदू तेच वाजवणार. सोनाराच्या मेंदूने हातोडी वाजवली असती. हे त्यांना पटलं. त्यांनी उरलेली भाजी निवडली.

३

तोलाचा व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येत. हसतमुख आणि दणकट. पाय जुळवून उभं राहायचं, हात छातीवर घ्यायचे आणि डोळे मिटायचे. डोलायला होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मी धरलेलंच आहे, असं त्यांनी सांगितलं.

नाडीवाल्यांनी डोळे मिटले. ते डोलले नाहीत. त्यांना फिरल्यासारखंही झालं नाही. फक्त ते उताणे होते. पायाखालच्या फरशीचा दाब जाणवत होता, तरीही पाठ कशावर तरी टेकली होती, डोक्यामागे कडक गादी होती, आणि टाचा अगदी गार होत्या. बाईंनी विचारलं, पडल्यासारखं वाटतंय का? ते म्हणाले, पडल्यासारखं नाही, पडलेलोच आहे. बाई हसल्या आणि म्हणाल्या की काका विनोदी आहेत, असे पेशंट लवकर बरे होतात.

पुढची गोष्ट न्हाणीघरात झाली. काकूंना बाहेर थांबायला सांगून ते पहिल्यांदाच स्टुलावर बसून स्वतः डोक्यावरून पाणी घेत होते. डोळ्यांत साबण गेला म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटले, आणि त्याच वेळी डाव्या कानात पाणी शिरलं. नळाचा आवाज बुडाला, दाराबाहेरचं काकूंचं बोलणं बुडालं.

उरला तो पंप. पण आता तो कानात नव्हता, उजवीकडे हातभर अंतरावर होता. मिटलेल्या पापण्यांवर पांढरा उजेड पडला होता, वरून, अगदी जवळून. ट्रेमध्ये लोखंडी वस्तू ठेवल्याचा आवाज झाला. कुणीतरी दमलेल्या आवाजात म्हणालं, "आवरा आता." मग पावलं वाजली, बरीच, आणि एकेक करून कमी होत गेली. दार स्वतःच्या वजनाने मिटलं. पंप चालूच राहिला.

नाडीवाल्यांनी डोळे उघडले. साबण झोंबत होता, बादली भरून वाहत होती. काकू दार ठोठावून विचारत होत्या की जिवंत आहात ना, आणि हे नेहमीचंच विचारणं होतं, पण त्या दिवशी त्यांना उत्तर द्यायला जरा वेळ लागला.

जेवताना त्यांनी शांतपणे हिशोब मांडला. आपण घरी आहोत असं सांगणारे दोन साक्षीदार, डोळे आणि डावा कान. आपण अजून शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहोत असं सांगणारे दोन, उजवा कान आणि तोल. समसमान झालं. मग त्यांनी जिभेलाही साक्षीला बोलावलं, आणि भाजीत मीठ कमी होतं. स्वप्नात भाजी अळणी कशाला असेल, असं म्हणून त्यांनी निकाल घराच्या बाजूने दिला. काकूंना वाटलं, आज जेवण आवडलेलं दिसतंय.

४

तपासणीसाठी परत हॉस्पिटलात गेले तेव्हा नाडीवाल्यांनी मोठ्या डॉक्टरांपुढे एक विनंती केली. माझं रक्त ज्या यंत्राने फिरवलं, ते बघायला मिळेल का? डॉक्टर भला माणूस होता. छाती झकास भरून येतेय, म्हणाला, आणि धंद्याची ओढ ओळखून त्याने यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावून घेतलं.

तंत्रज्ञ बोलका निघाला. त्याने मोकळ्या पडलेल्या खोलीत यंत्र दाखवलं, झाकण उघडलं. आत गोल घरात रबरी नळी बसवलेली आणि मधल्या चाकाला समोरासमोर दोन रूळ. चाक फिरलं की रूळ नळी दाबत जातात आणि रक्त पुढे सरकतं. एका फेरीत दोनदा. नाडीवाल्यांनी मान डोलावली. त्यांनी कागदावर असंच काढलं असतं. कुठेतरी टीव्हीवर बघितलं असेल आणि विसरलो असू, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

त्यांच्या सांगण्यावरून तंत्रज्ञाने यंत्र थोडा वेळ चालवलं. नाडीवाल्यांनी डावा कान जवळ नेला. लोण्यासारखं चालत होतं, बेअरिंग कोरं करकरीत होतं.

"हे ते नाही," ते म्हणाले.

तंत्रज्ञाला नवल वाटलं. खरंच नव्हतं. हे नंतर आलेलं. काकांच्या वेळी होतं ते जुनं, ते आता वापरत नाहीत. मागच्या सामानाच्या खोलीत झाकून ठेवलंय, बघायचं का? काकू म्हणाल्या की नको, उगाच. पण नाडीवाले निघालेच होते.

खोली अरुंद होती. मोडक्या खुर्च्या, सलाइन लटकवायचे दांडे, आणि कोपऱ्यात हिरव्या कापडाखाली ते यंत्र. वायरीचं वेटोळं करून दोऱ्याने बांधलेलं होतं. तंत्रज्ञाने कापड काढलं आणि बाजूला अडकवलेलं एक हँडल सोडवून दाखवलं. वीज गेली, मोटर बसली, तर हे लावून हाताने फिरवायचं. माणूस टेबलावर असताना रक्त थांबून चालत नाही. एक दमला की दुसऱ्याने घ्यायचं, पण हात थांबवायचा नाही.

"आणि दुसरा नसला तर?" काकूंनी विचारलं.

"असतोच हो. एवढी माणसं असतात," तंत्रज्ञ म्हणाला. काकूंनी ते हँडल हातात घेऊन बघितलं, वजन अजमावल्यासारखं केलं आणि परत दिलं.

तोवर नाडीवाल्यांनी यंत्राच्या मागच्या अंगावर, मोटर असते तिथे, तळवा ठेवला होता. पत्रा कोमट होता. बराच वेळ चाललेली मोटर जेवढी कोमट होते, तेवढा. तंत्रज्ञ म्हणाला की खोली बंद असते ना, उकडतंच. खोलीत उकडत नव्हतं. नाडीवाल्यांनी हात खिशात घातला आणि त्याचे आभार मानले.

५

बेअरिंग मरतं त्याचा एक क्रम असतो. आधी नुसतं घुमतं. मग खरखरतं, वाळू भरडल्यासारखं. मग एक दिवस गुपचूप होतं, आणि नवख्या माणसाला वाटतं की झालं आपोआप बरं. जुनी माणसं तेव्हाच हातातलं काम टाकून धावतात. कारखान्यातला दुसरा नियम असा की वाजणारं बेअरिंग बदली माल हाताशी आल्याशिवाय थांबवायचं नाही. चालतंय तोवर चालतंय. एकदा थांबलं की परत फिरत नाही.

उजव्या कानात आता खरखर सुरू झाली होती.

नाडीवाल्यांनी डोळे मिटणंच कमी केलं. ते दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून रस्त्यावरची माणसं बघत, आणि रेडिओ डाव्या कानापाशी लावून ठेवत. डुलकी लागली की दचकून उठत. रक्तदाब आणि नाडी बघायचं यंत्र घरात होतं, काकू सकाळ-संध्याकाळ ते दंडाला लावत आणि आकडे एकदम ठाकठीक येत. मन चिंती ते वैरी न चिंती, असं ते स्वतःला बजावत. आकडे खरे मानायचे की आयुष्यभर ज्यावर भाकरी खाल्ली तो कान खरा मानायचा, हे काही ठरत नव्हतं. भीती वाटत होती. इतकी, की बोलायलाच हवं होतं.

शेवटी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. पावलं, दार, पांढरा उजेड, कोमट पत्रा. तो पंप तिथे बंद पडला तर इथे खुर्चीत बसलेल्या माणसाचं काय होईल, ते मला माहीत नाही, म्हणाले. मला इथे राहायचंय. तुझ्यापाशी. एवढंच मागणं आहे.

काकूंनी त्यांना वेड्यात काढलं नाही. डॉक्टरांना फोन करते, असंही म्हटलं नाही. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि विचारलं,

"आत्ता तुमच्यापाशी तिथे कोण आहे?"

"कुणी नाही. सगळी गेली. यंत्र एकटंच चालू आहे."

"असं कसं कुणी एकटं टाकून जातं?" काकू म्हणाल्या. त्यांना खरोखरच राग आला होता. "मी बाहेर बाकावर बसले होते ना त्या दिवशी. मला का नाही आत बोलावलं?"

 नाडीवाल्यांनी तिचा हात हातात घेतला.

६

एका दुपारी खरखर थांबली.

जेवणं झाली होती. काकू स्वयंपाकघरात काहीतरी चिरत होत्या, त्याचा आवाज डाव्या कानाला येत होता. रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल धुवत होतं. उजव्या कानात पंप लोण्यासारखा चालायला लागला, आणि नाडीवाले खुर्चीचे हात धरून ताठ बसले, कारण ते जुन्या माणसांपैकी होते. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काकूंना हाक मारायला तोंड उघडलं.

एक कर्र झाली. पंप थांबला.

कान गेल्यापासून इतकी शांतता त्यांनी अनुभवली नव्हती. पहिल्यांदा स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज पातळ झाला आणि मग नव्हताच. मोटारसायकलवर पाण्याची धार पडत होती, पण बिनआवाजाची. मग रंग उतरायला लागले. समोरच्या घराची निळी खिडकी राखाडी झाली. खुर्चीच्या हातावरची स्वतःची बोटं त्यांना दिसत होती पण त्यांची म्हणून वाटत नव्हती. दुखत काहीच नव्हतं. एवढंच असतं होय, असं त्यांच्या मनात आलं, आणि काकूंना सांगायचं राहिलं म्हणून फार वाईट वाटलं.

आणि कुणीतरी चाक फिरवलं.

मोटर नव्हती ती. मोटर सगळीकडे सारखी फिरते. हात खाली जाताना जोर करतो आणि वर येताना रेंगाळतो. पहिली फेरी जड गेली, दुसरी अडखळली, मग जमत गेलं. दाब, सुटका. समोरची खिडकी निळी झाली. पाण्याच्या धारेला आवाज आला. नाडीवाल्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. कुणीतरी आलं होतं. यंत्र एकटं नव्हतं. आलेल्या माणसाला ह्या कामाची सवय नव्हती, वर आल्यावर ते जरा श्वास घ्यायला थांबत होतं, पण हँडल सोडत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की रस्ता ऐकू येतोय, पाणी ऐकू येतंय, पण स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज अजून आलेला नाही.

७

भिंतीला हात लावत ते गेले. टेबलावर अर्धी चिरलेली भाजी होती, सुरी ताटलीत आडवी ठेवली होती. काकू खुर्चीत बसल्या होत्या. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. दुपारच्या झोपेत माणूस बसतं तशा बसल्या होत्या म्हणावं, तर मान पडलेली नव्हती. डावा हात टेबलावर होता. उजवा टेबलाखाली होता, आणि नाडीवाल्यांनी वाकून बघितलं नाही. काकूंचा उजवा खांदा थोडा खाली जात होता आणि थोडा वर येत होता.

रिकामी खुर्ची काकूंच्या डाव्या बाजूला होती. तिथे बसलं की काकू त्यांच्या उजव्या अंगाला, बहिऱ्या कानाकडे येत. ते बसले.

"दमलीस?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही." काकूंचे ओठ हलले की नाही ते त्यांना सांगता आलं नसतं. आवाज स्पष्ट आला. उजव्या कानात.

"थांब जरा. दंड भरून येईल."

"थांबले तर?"

नाडीवाल्यांना तिला सोड म्हणायचं होतं. जन्मभर ह्या बाईने त्यांच्यासाठी काय नाही केलं, आणि आता हे. तिथे दुसरं कुणी यायचं नव्हतं, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. एका माणसाचा हात किती वेळ चालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. काकूंच्या कपाळावरचा घाम ओघळून भुवईपर्यंत आला. तो त्यांनी आपल्या रुमालाने टिपला. सोड, आता सोड, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. खिडकीबाहेर छान ऊन पडलं होतं.

"सावकाश फिरव," ते म्हणाले. "घाई केलीस तर लवकर दमशील."

काकूंनी मान हलवली. उजव्या कानातलं चाक जरा संथ झालं, आणि मग एका लयीत फिरू लागलं.